गोदाम चालते ठेवणाऱ्यांचे शिक्षण

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइड काउंटीत राहतो. माझा एकवीस वर्षांचा मुलगा दोन वर्षांपासून एका मोठ्या गोदामात ऑर्डरप्रमाणे माल वेचण्याचे काम करतो. नोकरी सांभाळून कम्युनिटी कॉलेजात सप्लाय चेन टेक्निशियनचा अभ्यासक्रम करावा, असे त्याच्या मनात आहे. हे म्हणजे फोर्कलिफ्ट चालवायला शिकणे आणि त्यासाठी कॉलेजची गरज नाही, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे आहे. मला वेगळीच काळजी वाटते. दिवसेंदिवस यंत्रेच माणसांची कामे करू लागली असताना गोदामाचे शिक्षण घेऊन पुढे काय? आपण मार्गदर्शन करावे.

उत्तर : गोदामात यंत्रे वाढत आहेत हे आपण बरोबर हेरले आहे, आणि आपला मुलगा जो अभ्यासक्रम म्हणतो आहे तो त्याच यंत्रांचा आहे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांवर उतरणारा माल ज्या गोदामांत येतो, तेथे कन्व्हेयर (माल वाहून नेणारे पट्टे), सॉर्टर (मालाची वर्गवारी करणारी यंत्रे), बारकोड स्कॅनर आणि आपोआप फिरणाऱ्या गाड्या बसवणे, चालवणे व दुरुस्त करणे हे सप्लाय चेन टेक्निशियनचे काम असते. या शिक्षणाला वाहिलेले आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन या संघीय सरकारी संस्थेच्या अनुदानातून उभे राहिलेले राष्ट्रीय केंद्रही आपल्याच काउंटीतील नॉर्को कॉलेजात सुरू झाले. मालाचे नियोजन, खरेदी आणि साठ्याचे हिशेब शिकवणारा लॉजिस्टिक्स व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम निराळा असतो, आणि नावे सारखी असल्याने चुकून दुसऱ्याच वर्गात नाव नोंदवले जाण्याचा संभव असतो.

फोर्कलिफ्टबद्दल एक गोष्ट आपल्या यजमानांना सांगावी. सुरक्षिततेच्या संघीय नियमांनुसार चालकाला शिक्षण देऊन प्रत्यक्ष कामाच्या जागी त्याची पारख करण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि ही पारख किमान दर ३ वर्षांनी पुन्हा करावी लागते. त्यामुळे केवळ फोर्कलिफ्टसाठी कॉलेजची गरज नाही, हे त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे.

टेक्निशियनचे शिक्षण मात्र असे कामावर सहज मिळत नाही. मी अनेक वर्षे विद्युत नियंत्रणाचे वर्ग घेतले आहेत, त्यातील एक प्रसंग सांगते. सरावाच्या कन्व्हेयरवर खोकी एकमेकांवर आदळत होती, कारण समोरून जाणारे खोके फोटो-आय या सेन्सरला अधूनमधून दिसतच नव्हते. विद्यार्थ्यांनी भिंग पुसले, वायरी घट्ट केल्या, एकाने सेन्सर बदलण्याचीही तयारी केली. शेवटी एका मुलीच्या लक्षात आले की चुकतात ती फक्त चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली खोकी. सेन्सरचा प्रकाश समोरच्या परावर्तकावरून परत येतो आणि मध्ये खोके आले की तो तुटतो. येथे मात्र प्लॅस्टिकच प्रकाश परत पाठवत होते, म्हणून सेन्सरच्या लेखी समोर काहीच नव्हते. परावर्तकावरून आलेला प्रकाश आणि चकचकीत वस्तूवरून आलेला प्रकाश यांत फरक करणारा, ध्रुवीकरण फिल्टर असलेला सेन्सर बसवताच प्रश्न सुटला. हे निरीक्षण, आणि भाग बदलण्याआधी कारण शोधण्याचा हा धीर, हाच या शिक्षणाचा गाभा आहे असे मी मानते. मोटर, वीज मोजणारा मल्टिमीटर, पीएलसीचे (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे) लॅडर डायग्राम, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत मांडलेला त्याचा प्रोग्रॅम, वाचणे हे सारे त्यासाठी शिकायचे असते.

घाई न करणे सोपे नसते. मिनिटाला २०० फूट वेगाने धावणाऱ्या पट्ट्यावर दर ४० इंचांना एक खोके असेल, तर तासाला ३,६०० खोकी जातात. पट्टा ४ मिनिटे थांबला तर २४० खोकी मागे तुंबतात आणि पर्यवेक्षक डोक्यावर येऊन उभा राहतो. अशा वेळीही यंत्रात हात घालण्यापूर्वी वीज तोडून स्विचला स्वतःचे कुलूप लावायचे, दाबाखालची हवा सोडून द्यायची, वर अडकलेला भाग खाली येणार नाही याची व्यवस्था करायची आणि मगच हत्यार उचलायचे, ही शिस्त अंगवळणी पडेपर्यंत वर्गात पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते.

म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी मुलाने प्रयोगशाळा स्वतः पाहावी. शिक्षक यंत्रात मुद्दाम बिघाड करून ठेवतात का आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याला एकट्याने शोधावा लागतो का, हे विचारावे. यंत्रे काचेआड चकचकीत ठेवली असतील, तर मी तेथे माझ्या मुलाला पाठवणार नाही. एमएसएससी या अमेरिकी संस्थेच्या सीएलए (लॉजिस्टिक्स असोसिएट) आणि सीएलटी (लॉजिस्टिक्स टेक्निशियन) या प्रमाणपत्रांची तयारी करून घेतात का, हेही पाहावे. ती मिळाली तर उपयोगीच आहेत, पण बिघाड शोधण्याच्या सरावाची जागा ती घेऊ शकत नाहीत.

खर्चाचे म्हणाल, तर राज्यातील रहिवाशांना कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात २०१२ पासून युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासक्रमाचा श्रेयांक) ४६ डॉलर शुल्क आहे, म्हणजे ६० युनिटांच्या पदवीचे २,७६० डॉलर होतात. पुस्तके आणि इतर किरकोळ शुल्क वेगळे. पुढे चार वर्षांच्या पदवीकडे वळण्याचा विचार असेल, तर तांत्रिक विषयांचे सगळेच युनिट विद्यापीठात धरले जातील असे नाही. पहिले सत्र सुरू होण्याआधीच समुपदेशकाला भेटून कोणते युनिट कोठे धरले जातील हे लेखी घ्यावे, आणि गणिताचा विषय निवडताना विद्यापीठात धरला जाणाराच घ्यावा.