जागा निवडायची असेल तर तिथल्या सगळ्यात वाईट महिन्यात जेवायला जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर सोलापूरचं, वय ३१, बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत. कंपनी पाच वर्षांसाठी कोकणातलं लोटे किंवा विदर्भातलं चंद्रपूर यांतलं एक ठिकाण निवडायला सांगतेय. हवामान कुठलं सोसेल आणि घरच्यासारखं जेवण कुठे मिळेल?

मी मंगळवेढ्याची. बँकेच्या नोकरीत आधी दोन वर्षं पुण्यात, मग सहा वर्षं चिपळूणला आणि तीन वर्षं चंद्रपूरला काढली. लोटे चिपळूणपासून जवळ, हवा तीच. त्यामुळे प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. "घरच्यासारखं जेवण" ही अट आधी बाजूला ठेवा, असं मी तुम्हाला कळकळीने सांगेन. मी ती धरून बसले होते आणि माझं चिपळूणमधलं पहिलं वर्ष त्यातच वाया गेलं.

२०१५ च्या जूनमध्ये मी रुजू व्हायला निघाले तेव्हा आईने वीस किलो मालदांडी ज्वारीचं पीठ दळून, चाळून बांधून दिलं होतं. सोबत कडक भाकऱ्यांची थप्पी आणि शेंगाची चटणी. पंढरपूर, आटपाडी, विटा, कराड, पाटण असा एसटीचा प्रवास. आटपाडीपर्यंत रान कोरडं ठणठणीत, कराडला ऊस लागला, पाटण सोडलं आणि काचा धुरकटल्या. कोयनानगरला पाऊस इतका होता की कुंभार्ली घाट मला दिसलाच नाही, फक्त वळणं जाणवली. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. पलीकडे आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं, हे शाळेत वाचलं होतं. एका दिवसाच्या प्रवासात ते अंगाने कळलं. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आगेमागे, चिपळूणला तो ३००० च्या वर.

कडक भाकरीचं पाकीट मी रात्री फोडलं. सकाळी त्यातली भाकरी हातात घेतली तर ती वाकली. मोडलीच नाही. आपल्याकडे हीच भाकरी फळीवर आठवडेच्या आठवडे कुरकुरीत राहते, कारण आपली हवा तिच्यातला ओलावा काढत राहते. तिथली हवा तिला ओलावा पाजत होती. चार दिवसांत सगळी थप्पी सादळून वातड झाली. पिठाचं त्याहून वाईट. तीन आठवड्यांत त्याला कडवट वास यायला लागला, विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा गेला, भाकरी थापताना परातीतच फाटायची. जुलै संपायच्या आत बारा-तेरा किलो पीठ मी टाकून दिलं. आईने एवढ्या मायेने दिलेलं पीठ टाकताना मला रडू आलं होतं, हे आजही आठवतं.

आईचा फोन आला की एकच प्रश्न, "नुसत्या भातावर पोट भरतंय का गं?" भरत नव्हतं. तासाभरात पुन्हा भूक लागायची, आणि मी समजत होते की हे गाव आपल्याला मानवत नाही.

शेजारच्या काकूंनी एकदा मला पीठ टाकताना पाहिलं. म्हणाल्या, "ह्या हवेत तुझी भाकरी कशी टिकेल गो? कुळीथ खा." संध्याकाळी त्यांनी कुळथाच्या पिठीचं पिठलं आणि आटवल म्हणजे मऊ भात पाठवला. कुळीथ आधी भाजून, भरडून, साल पाखडून मग दळलेले. लसणाची फोडणी, एक आमसूल, वरून ओलं खोबरं. बाहेर तीन दिवस पाऊस थांबला नव्हता, भिंतींना हात लावला तर ओल लागत होती, कपड्यांना कुबट वास. ते गरम पिठलं भातावर ओतून खाल्लं आणि पहिल्यांदा अंगातली सर्दावलेली हुडहुडी गेली. कुळीथ उष्ण म्हणतात ते पुस्तकातलं नाही, पावसाळ्यात बसून खाल्ल्यावर पटतं. भूकही चार तास लागली नाही.

त्यानंतर मी बघायला लागले की ही माणसं कोणत्या महिन्यात काय खातात, आणि प्रत्येक गोष्टीला हवेतच उत्तर सापडत गेलं. ज्वारीचं कणीस दाणे भरताना असल्या पावसात भिजलं तर काळं पडतं, भात मात्र पाण्यात उभा राहतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणून सोडे (सुकवलेली कोळंबी), जवळा, सुके बोंबील मे महिन्यातच कडकडीत वाळवून डब्यात भरून ठेवायचे. भाज्यांचा तुटवडा असतो तेव्हा डोंगरावर टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी आपोआप उगवतात आणि बायका टोपल्या घेऊन बाजारात बसतात. आमसूल म्हणजे तर त्या हवेवर केलेली मात: रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं त्यांच्याच रसात मीठ घालून बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा टाकायची, आणि हे सगळं पहिली सर यायच्या आत उरकायचं. मे महिन्यात घरोघरी जी धांदल असते ती पाहून मला आमच्या कुरडया-सांडग्यांची वाळवणं आठवली. फक्त आमच्याकडे पाऊस लांबला तर चिंता, आणि तिथे तो चार दिवस आधी आला तर.

उन्हाळ्याबद्दल मात्र तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही. चिपळूणचे ३४ अंश आपल्या सोलापूरच्या ४१ पेक्षा जड जातात. आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो, म्हणून सावलीत गेलं की बरं वाटतं. कोकणात घाम वाळतच नाही, त्यामुळे सावलीचाही फारसा उपयोग होत नाही. कूलरही तिथे काम करत नाही, कारण कूलर चालतो तो पाणी उडून जाण्यावर आणि तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली. सोलापुरातला कूलर घेऊन जाणार असाल तर नेऊ नका. मुलीला पहिल्या उन्हाळ्यात घामोळं येणार. जेवणात सोलकढी ठेवा, रात्री तळकट देऊ नका.

आणि पूर. ही गोष्ट टाळून मला तुम्हाला कोकण चांगलं आहे असं सांगता येणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा मी तिथेच होते. आमचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, खालचे दोन्ही मजले पाण्यात. खालची पाच कुटुंबं वर आली होती. वीज नाही, फोन नाही, बाजार पाण्याखाली. आमच्याकडे गॅस होता, तांदूळ होते, आणि काकूंनी खालून पळताना आधी देवघरातला देव आणि मग कुळथाच्या पिठीचा डबा उचलला होता. दोन दिवस आम्ही सव्वीस जणांनी त्या डब्यावर काढले. पाणी ओसरल्यावर रस्त्यावरचा चिखल, भिजलेली पुस्तकं, दुकानांतून बाहेर फेकलेला माल, ते सगळं पाहून मीच बदलीचा अर्ज केला. तेव्हा लोट्याला नोकरी घेतलीत तरी घर चिपळुणात बघणार असाल तर पूररेषेच्या वर बघा. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. तळमजला घेऊ नका, मग घरमालक काहीही सांगो.

चंद्रपूर त्या मानाने तुम्हाला ओळखीचं वाटेल. ऊन आपल्यासारखंच कोरडं, फक्त आणखी कडक. मे महिन्यात ४६-४७ अंश म्हणजे तिथे बातमीसुद्धा नसते. कूलर मस्त चालतो. सकाळी दहाच्या आत बाजार उरकायचा आणि संध्याकाळपर्यंत दार लावून बसायचं, एवढं पथ्य. पहिल्या उन्हाळ्यात मी बाराला बँकेतून बाहेर पडायला निघाले तेव्हा आमच्या शिपाईमावशींनी दारातच अडवलं, "आता नका जाऊ जी, ऊन लागंल." आणि पर्समध्ये कांदा ठेवायला दिला. त्याच मला डब्यातून आंबील आणून द्यायच्या: ज्वारीचं पीठ रात्रभर भिजवून आंबवलेलं, सकाळी शिजवून गार केलेलं, वर ताक, लसूण, जिरं, मीठ.

आंबील पाहून मला गंमत वाटली, कारण आमच्या घरी आंबील 'वेळ अमावस्या' या सणाला होते. ऐन थंडीत, शेतात, मिश्र भाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांबरोबर, वर्षातून एकदा, सणाचा पदार्थ म्हणून. चंद्रपुरात तीच आंबील मे महिन्यात रोजचं औषध झालेली. पदार्थ घरचाच, पण त्याचं काम मला तिथे नव्याने शिकावं लागलं. वडाभातही शिका. मिश्र डाळींचे भरड वडे तळून गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी घातलेलं तेल ओतायचं. सोबत चिंचेचं सार. तो मी अजून हिवाळ्यात करते. पण माझ्या मते तुमची अडचण चंद्रपुरात जेवणाची किंवा उन्हाची असणार नाही. औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी यांमुळे तिथल्या हवेत धूळ असते. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर संध्याकाळी ती बोटाला लागायची. मुलगी चार वर्षांची आहे म्हणून हे मुद्दाम लिहिते. तिला सर्दी-खोकल्याचा किंवा दम्याचा त्रास असेल तर एवढ्या एका कारणासाठी मी चंद्रपूर टाळेन.

पुण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बरेच जण "हवा पुण्याचीच" म्हणतात म्हणून दोन ओळी. हवा खरंच चांगली आहे. ज्वारी, कुळीथ, सोडे, सावजी मसाला सगळं वर्षभर मिळतं. त्यामुळे दोन वर्षांत मी तिथे मंगळवेढ्याचंच जेवत राहिले आणि पुण्याची एकही गोष्ट माझ्या हाताला लागली नाही. गाव सोडताना काहीच तुटलं नाही. चिपळूण सोडताना तुटलं होतं.

म्हणून २०२४ मध्ये पुन्हा बदलीची वेळ आली तेव्हा मी चिपळूण मागून घेतलं. घरचे चकित झाले. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली ती कथा आमच्याकडे लहान पोरालाही पाठ. असल्या गावची मुलगी भातात कशी रमली, असं मामा अजून विचारतात. ज्वारी मी सोडलेली नाही. डिसेंबर-जानेवारीत सुट्टी घेऊन गावी जाते. थंडी पडलेली असते, आगटीत गुळभेंडीची कणसं भाजून कोणीतरी तळहातावर चोळून देतं, तो गरम हुरडा, जवसाची चटणी, दही. त्या चार दिवसांत मला जगात दुसरीकडे कुठे राहावंसं वाटत नाही. पण एप्रिलमध्ये त्याच रानात उभं राहवत नाही आणि विहिरीला पाणी नसतं. चिपळूणला मला वर्षाचे नऊ महिने रमता येतं, मंगळवेढ्यात तीन. हिशोब माझ्या अंगाचा आहे, तुमचा वेगळा निघू शकेल.

तो काढायचा कसा, एवढं सांगते. दोन्ही गावं डिसेंबरात जाऊन बघू नका. डिसेंबरात महाराष्ट्रातलं कुठलंही गाव आवडतं. चिपळूणला जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा, चंद्रपूरला मे महिन्यात. हॉटेलात उतरलात तरी जेवण कोणाच्या तरी घरी किंवा घरगुती खानावळीत घ्या, कारण हॉटेलात सगळीकडे तेच पनीर मिळतं. त्या वाईट महिन्यात तिथली माणसं घरात काय शिजवतात ते बघा आणि पोटभर खा. बायकोला आणि मुलीलाही न्या, तुमच्या एकट्याच्या जिभेवर ठरवू नका. तीन दिवसांनी मुलगी ते ताट स्वतःहून मागत असेल तर घर बघायला लागा.

लोट्याचं ठरलं तर कळवा. मी आता चिपळुणातच आहे, चांगल्या जागी, वरच्या मजल्यावर. जुलैत याल तेव्हा छत्रीपेक्षा रेनकोट आणा, वाऱ्याने छत्री टिकत नाही. आणि ज्वारीचं पीठ दोन किलोच्या वर आणू नका. अख्खी ज्वारी आणा, इथे गिरणी आहे, आठवड्यापुरतं दळून मिळतं.