आधीपासून असलेल्या अ‍ॅपची परवानगी काढता का येत नाही?

ताई, फोन हॅक झालेला नाही. अमळनेरला घेतलेल्या नव्या अँड्रॉइड फोनमध्ये हवामान अ‍ॅपचं लोकेशन बंद करताना इशारा येतो आणि कंपनीच्या दुसऱ्या एका अ‍ॅपचं बटण करडं असतं, दाबलंच जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही दोन दुखणी वेगळी आहेत.

अँड्रॉइड ६ (२०१५) पासून आपण टाकलेलं अ‍ॅप कॅमेरा, माइक, लोकेशन विचारूनच घेतं. फोनसोबत आलेल्या काही अ‍ॅपना मात्र कंपनी सिस्टममधल्या यादीतून या परवानग्या आधीच देऊन ठेवते. साधी दिलेली असेल तर काढता येते, फक्त 'मूळ कामं बिघडतील' असा इशारा येतो. हवामान अ‍ॅपला बेधडक नकार द्या आणि गाव हाताने टाका. लोकेशन ठेवायचंच असेल तर अँड्रॉइड १२ पासून 'अचूक स्थान' वेगळं बंद करता येतं. मग अ‍ॅपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा अंदाज मिळतो. रावेर-यावलच्या केळीबागेवरचा पाऊस बघायला तेवढा पुरे.

यादीत परवानगी 'पक्की' केलेली असेल तर बटण करडं. एडीबीवरून (फोन संगणकाला जोडून त्याला आज्ञा द्यायचं साधन) काढायला गेलात तरी नकारच मिळतो.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण परवानग्यांच्या पानावर तो दिसतच नाही: न विचारता दुसरं अ‍ॅप टाकण्याचा अधिकार. तो कंपनीचीच डिजिटल सही असलेल्या किंवा सिस्टमच्या खास फोल्डरमधल्या अ‍ॅपलाच मिळतो. नको असलेले गेम आपोआप येत असतील तर आधी कंपनीचं अ‍ॅप स्टोअर तपासा.

कोणाकडे काय आहे ते असं बघा: सेटिंग्ज, गोपनीयता, परवानगी व्यवस्थापक, स्थान, मग वरचे तीन ठिपके आणि 'सिस्टम दाखवा'. हे शेवटचं न दाबल्यामुळे बऱ्याच जणांना अर्धीच यादी दिसते.

करड्या बटणावर उपाय म्हणजे अख्खं अ‍ॅप 'बंद करा'. तेही करडं असेल तर एडीबीने स्वतःच्या युजरपुरतं काढता येतं. मूळ फाइल सिस्टममध्येच राहते, म्हणून तिची जागा मोकळी होत नाही आणि फॅक्टरी रीसेट केलं की अ‍ॅप परत येतं. सिस्टम यूआय, पर्मिशन कंट्रोलर आणि पॅकेज इन्स्टॉलर या फोन चालवणाऱ्या मूळ भागांना हात लावू नका. लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप) किंवा कीबोर्ड काढायचा असेल तर दुसरा आधी टाकून, चालू करून बघा. नाहीतर होम स्क्रीन किंवा लॉकचा पासवर्ड टाकायला कीबोर्डच उरणार नाही.