सातवीला पायथागोरसचा सिद्धांत सूत्र देऊन शिकवावा की सिद्धता दाखवून?

आपण लिहिले आहे की आपली नोकरी नवीन आहे, वर्गात चाळीस मुले आहेत, या पाठाला जेमतेम तीन तासिका मिळतात, आणि मुलांना ‘काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढा असतो’ हे सूत्र तोंडपाठ असूनही उदाहरणे चुकतात. तेव्हा आधी सूत्र द्यावे की सिद्धता दाखवावी, हा आपला प्रश्न. माझ्या मते दोन्ही नंतर, आधी काटकोन. सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत मी एकोणतीस वर्षे उच्च प्राथमिकला गणित शिकवले. याच पाठासाठी माझ्या नावापुढे शेरेबुकात एक प्रतिकूल शेरा पडला, आणि तो शेरा चुकीचा होता असे मला आजही वाटते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली अडचण आपल्या भाषेतच आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आपण मुलांना ‘वर्ग’ शिकवतो तो वर्ग-वर्गमुळाच्या पाठात, म्हणजे एका संख्येला त्याच संख्येने गुणणे म्हणून. ‘चौरस’ शिकवतो तो भूमितीत, चार समान बाजू आणि चार काटकोन असलेली आकृती म्हणून. दोन शब्द, दोन पाठ, बहुधा दोन वेगळ्या इयत्ता. त्यामुळे ‘कर्णाचा वर्ग’ म्हटले की मुलाच्या डोळ्यांपुढे कर्णावर उभा असलेला चौरस येत नाही, फक्त गुणाकार येतो. आर्यभटांनी ४९९ साली ‘वर्गः समचतुरश्रः’ असे स्पष्ट लिहून ठेवले आहे: वर्ग म्हणजे समान बाजूंचा चौकोन, आणि त्याचे क्षेत्रफळ म्हणजे दोन सारख्या राशींचा गुणाकार. आकृती आधी, गुणाकार मागून. आपण शाळेत तो क्रम उलटा केला आणि मग मुलांना भूमिती दिसत नाही अशी तक्रार करू लागलो.

आता तो प्रसंग. २०१८ सालची गोष्ट आहे. सातवीत चौतीस मुले होती आणि पाठ्यपुस्तकातले उदाहरणसंग्रह सगळ्यांनी सोडवले होते. मी फळ्यावर ६ आणि ८ सेंमी बाजूंचा एक त्रिकोण काढला, पण त्या दोन बाजूंमधला कोन मुद्दाम ६० अंशांचा ठेवला. तिसरी बाजू आठच्या बाजूपेक्षाही आखूड आहे हे नुसत्या नजरेला कळत होते. तिची लांबी काढायला सांगितल्यावर एकतीस मुलांनी १० हे उत्तर लिहिले, तेही पायऱ्या मांडून, खाली दोन रेघा मारून. दोघींनी वही कोरी ठेवली. उरलेला एक मुलगा, ज्याला गणितात कच्चा म्हणून मीच मागच्या बाकावर बसवले होते, उभा राहून म्हणाला, “गुरुजी, ह्यो गुण्यात न्हाई. मग धा कसं येतील?”

त्याचे वडील गवंडी होते. गुण्या म्हणजे आपल्या कंपासपेटीतली त्रिकोणी पट्टीही आणि गवंड्याचा लोखंडी काटकोनही, पण त्या मुलासाठी ‘गुण्यात असणे’ हा भिंतीचा गुण होता. जो कोपरा गुण्यात नाही त्याला ते माप लागू होत नाही, हे त्याला कोणी शिकवले नव्हते; त्याने ते सुट्टीत वडिलांच्या हाताखाली पाहिले होते. बाकीच्या एकतीस मुलांना सूत्र माहीत होते, पण ते कधी लागू पडते हे माहीत नव्हते, आणि हा दोष मुलांचा नव्हता, माझ्या शिकवण्याचा होता.

योगायोगाने त्याच आठवड्यात शाळेच्या आवारात नव्या वर्गखोलीची आखणी व्हायची होती आणि काम त्याच्याच वडिलांकडे होते. मी दोन तासिका एकत्र करून सगळा वर्ग मैदानात नेला. मिस्त्रींनी जुन्या इमारतीच्या भिंतीला समांतर एक दोरी ताणून घेतली, कोपऱ्याला खुंटी ठोकली, दोरीवर खुंटीपासून १६ फुटांवर खूण केली, दुसऱ्या दोरीवर १२ फुटांवर, आणि दोन्ही खुणांमध्ये टेप बरोबर २० फूट भरेपर्यंत दुसरी दोरी हळूहळू सरकवत नेली. मग फक्की टाकली. मी विचारले, “तीन-चार-पाच का धरले नाही? गणित तेच आहे.” ते म्हणाले, “गुरुजी, तीन-चार-पाचनं कोपरा मिळतोय, पर खोली मोठी आसली की मापबी मोठं घ्यावं. लहान मापातली चूक पुढं वाढत जाती.”

हे बोलणे मी घरी जाऊन आकड्यांनी तपासले. तीन-चार-पाच फुटांच्या त्रिकोणात पाचच्या बाजूला टेप अर्धा इंच जास्त धरला गेला, तर कोन सुमारे एका अंशाने बिघडतो आणि ३० फूट लांबीच्या भिंतीचे टोक सव्वासहा इंच बाजूला जाते. तीच अर्ध्या इंचाची चूक १२-१६-२० च्या त्रिकोणात झाली, तर टोक केवळ दीड इंचभर हलते. मिस्त्री चौथीपर्यंत शिकलेले होते, पण मापनातली चूक कशी वाढते याची जी समज त्यांना होती ती माझ्या एकाही पाठ टाचणात नव्हती. आणखी एक गोष्ट त्या रात्री लक्षात आली. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) मोडलेल्या वेळूचे उदाहरण आहे: ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकले, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात, म्हणजे वरचा भाग २० हात. मिस्त्रींनी सकाळी जमिनीवर आखलेला त्रिकोणच तो. दुसऱ्या दिवशी हे उदाहरण मी वर्गात बीजगणित न वापरता दिले: ३२ चे असे दोन भाग शोधा की एक भाग आणि १६ हे काटकोनाच्या बाजू होतील व दुसरा भाग कर्ण होईल. तुकडे करून पाहत मुलांनी ते सोडवले, आणि पहिले उत्तर पुन्हा मागच्या बाकावरून आले.

मैदानात मिस्त्रींनी आणखी एक केले, आणि माझ्या दृष्टीने या पाठाचा गाभा तोच आहे. चारही खुंट्या ठोकून झाल्यावर त्यांनी खोलीची दोन्ही तिरपी मापे घेतली. खोली २५ फूट बाय २० फूट होती. मुलांनी जमिनीवर काडीने हिशेब मांडला: ६२५ अधिक ४०० म्हणजे १०२५, ३२ चा वर्ग १०२४, म्हणजे तिरपे माप बत्तीसच्या अगदी किंचित पुढे यायला हवे. टेप लावला तेव्हा दोन्हीकडे ३२ फूट आणि वर पाव इंचाहूनही कमी, एवढेच भरले. त्या क्षणी वर्गात जो गलका झाला तसा फळ्यावरच्या कोणत्याही उदाहरणाने माझ्या नोकरीत कधी झाला नाही.

बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे दोरीने यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, हा सिद्धांत त्रिकोणाचा म्हणून सांगितलेलाच नाही, आयताचा म्हणून सांगितला आहे. ‘दीर्घचतुरश्रस्याक्ष्णया रज्जुः’, म्हणजे आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी, त्याच्या लांब आणि आखूड बाजू वेगवेगळ्या जेवढे क्षेत्र निर्माण करतात तेवढे एकटी निर्माण करते. दोरी, आयत आणि क्षेत्रफळ, तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात आहेत. गुणाकाराचा उल्लेखही नाही. त्याला जोडूनच ३-४, १२-५, १५-८, ७-२४, १२-३५ आणि १५-३६ अशा बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत. सिद्धांत आपला की ग्रीकांचा यावर अर्धी तासिका घालवणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या एकानेही मुलांकडून बौधायनाचे हे वाक्य वाचून घेतले नाही. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर अशी त्रिकुटे, म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंचे आकडे, याहूनही जुन्या काळी कोरलेली आहेत. अभिमान बाळगायचाच असेल तर आधी दोरी ताणून दाखवावी.

आता त्या शेऱ्याविषयी. आम्ही मैदानात असताना भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी लिहिले की तासिका वर्गाबाहेर घेतल्या, सूत्राचा सराव अपुरा आहे. तोंडी त्यांचे म्हणणे असे होते की गवंडीकाम दाखवणे म्हणजे गणित शिकवणे नव्हे. सूत्र द्यावे, दहा उदाहरणे करून घ्यावीत, चाचणीत गुण मिळतात. मी तेव्हा गप्प राहिलो. आज उत्तर देतो. दहा उदाहरणांच्या सरावानेच माझी एकतीस मुले ६० अंशांच्या कोनासमोर १० लिहून बसली होती. सराव जितका वाढतो तितका ‘काटकोन त्रिकोणात’ हा सिद्धांतातला पहिला शब्द मुलांच्या डोक्यातून गळत जातो, कारण प्रत्येक उदाहरणात काटकोन आधीच दिलेला असतो आणि त्याच्याकडे पाहण्याची गरजच पडत नाही. शिवाय मिस्त्री जे करतात ते सिद्धांताचे उपयोजन नसून त्याचा व्यत्यास आहे: बाजूंच्या वर्गांचा मेळ बसला तर समोरचा कोन काटकोन असतो. ग्रीक गणिती युक्लिडने या दोन वेगळ्या गोष्टी मानून आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात ४७ आणि ४८ अशी दोन स्वतंत्र विधाने सिद्ध केली. जो मुलगा मैदानात हे दोन्ही पाहून येतो त्याला ‘कोपरा माहीत असेल तर माप काढता येते’ आणि ‘मापे माहीत असतील तर कोपरा तपासता येतो’ यांतला फरक पुढे दहावीत घोकावा लागत नाही.

सिद्धतेविषयी मात्र मला आपल्याला सावध करायचे आहे, कारण मोजून पटले म्हणजे सिद्ध झाले असे मुले धरून चालतात. त्यांना ८, ९ आणि १२ सेंमी बाजूंचा त्रिकोण काढायला लावा. कोनमापक काटकोनच दाखवील, पण ६४ अधिक ८१ म्हणजे १४५ आणि १२ चा वर्ग १४४. तो कोन काटकोनाहून अर्ध्या अंशापेक्षाही कमी फरकाने लहान आहे. मुलाच्या डोळ्याला किंवा पेन्सिलीच्या जाडीला तो सापडत नाही. ‘मग मिस्त्रींच्या टेपवर विश्वास का ठेवायचा?’ हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारला, की सिद्धतेची वेळ झाली. त्यासाठी समरूप त्रिकोणांवरची (आकार सारखा, माप वेगळे) सिद्धता नको, ती दहावीत आहे. कार्डशीटचे ३-४-५ चे चार सारखे त्रिकोण कापा आणि ७ बाय ७ च्या चौरसात ते दोन प्रकारे मांडा: एकदा मधे ५ चा तिरपा चौरस मोकळा राहतो, एकदा ३ चा आणि ४ चा असे दोन चौरस मोकळे राहतात. बाहेरचा चौरस तोच, झाकणारे त्रिकोण तेच, म्हणून मोकळी जागाही तेवढीच. नंतर हेच आकडे न घेता, कोणत्याही मापाचे चार सारखे काटकोन त्रिकोण कापायला सांगा, म्हणजे ही युक्ती ३-४-५ पुरती नाही हे हाताला कळते.

आपल्या तीन तासिकांचा हिशेब करायचा तर पहिल्या तासिकेत आलेखाच्या कागदावर चौरस कापून तीन त्रिकोणांच्या बाजूंवर ठेवायला द्या: ३-४-५ चा, ४-५-६ चा आणि २-३-४ चा. पहिल्यात दोन लहान चौरस मिळून मोठ्याएवढे होतात, दुसऱ्यात जास्त भरतात (४१ विरुद्ध ३६), तिसऱ्यात कमी पडतात (१३ विरुद्ध १६), आणि कोनाकडे पाहिले की कारण समोर दिसते. दुसरी तासिका मैदानात, तिसरी कार्डशीटला. उदाहरणसंग्रह गृहपाठाला जाईल, आणि तो पुरेसा होतो असे मी खात्रीने म्हणणार नाही. माझ्याकडे चौतीस मुले होती, आपल्याकडे चाळीस आहेत, आणि मैदानात पाच-सहा मुलांमागे एक टेप नसेल तर निम्मी मुले नुसती उभी राहतात. सुतळी वापरू नका, ती ताणली की वाढते आणि हिशेब जुळत नाही. पत्र्याचा टेप घ्या. काटकोनाची बाजू काढण्याची उदाहरणे, म्हणजे ज्यांत वजाबाकी येते ती, मैदानातून आपोआप येत नाहीत, ती फळ्यावरच करून घ्यावी लागतात. माझ्या मुलांचे त्या भागात गुण कमी पडले, आणि एवढ्यापुरते त्या अधिकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य आहे.