मेसमधली वेगळी टेबले

प्रश्न : मी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून थेट निवड झालेला प्रशिक्षणार्थी पोलीस उपनिरीक्षक आहे. आमच्या तुकडीत दहा-बारा वर्षे शिपाई, हवालदार म्हणून नोकरी करून खात्यांतर्गत परीक्षेतून आलेले सहकारीही आहेत. मेसमध्ये त्यांचे टेबल वेगळे असते आणि आमच्यातले काही जण पाठीमागे त्यांना ‘शिपुर्डे’ म्हणतात. गेल्या आठवड्यात न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून व्याख्यानाला आलेल्या बाई तास संपल्यावर व्हरांड्यात एकट्याच गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांना कुणी पाणीही विचारले नाही. मी एकटा काय करू शकतो?

उत्तर : आपल्याला जे खटकले, ते खटकण्यासारखेच आहे. गणवेशाच्या खात्यात हुद्दा लागतोच, कारण दंगलीत आदेश कुणी द्यायचा आणि त्याचा जाब कुणी द्यायचा, हे आधीच ठरलेले असावे लागते. पण मैदानावर उस्तादांच्या, म्हणजे कवायत शिकवणाऱ्यांच्या, ‘सावधान’ला सगळ्या तुकडीच्या टाचा एकदमच जुळतात, मग ताट हातात घेतल्यावर कोण कुठून आला, हे कशाला आठवावे?

ही भिंत जुनी आहे. ब्रिटिश काळात पोलीस सुधारणांसाठी नेमलेल्या १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने उपनिरीक्षकांच्या थेट भरतीची शिफारस केली. १९०६ मध्ये पुण्यात भांबुर्ड्याला निघालेली प्रशिक्षण शाळा १९०९ मध्ये नाशिकला गेली आणि तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. सुशिक्षित तरुण अधिकारी व्हावेत हा हेतू चांगला होता, परंतु ‘शिपाई तो शिपाईच’ ही समजूतही त्याबरोबर मुरत गेली, असे माझे मत आहे.

आज रात्रीच ताट घेऊन त्यांच्या टेबलाशी जा. ‘दादा, बसू का?’ एवढे पुरे. उपकार केल्यासारखे बसू नका, शिकायला बसा. पंचांसमोर मुद्देमाल सीलबंद कसा करतात, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी कुठे लावतात, रात्री दोन वाजता मार खाऊन ठाण्यात आलेल्या बाईला आधी कुठे बसवायचे, हे त्यांनी वर्षानुवर्षे केलेले आहे. चाळिशीकडे झुकलेल्या, मुलाबाळांना घरी ठेवून आलेल्या माणसाला नव्या फौजदारी संहितांची कलमे पाठ करणे जड जाते. तेथे आपण रोज अर्धा तास त्यांच्याबरोबर पुस्तक उघडावे. ‘शिपुर्डे’ हा शब्द कानावर आला, तर बोलणाऱ्याला तिथल्या तिथे, आवाज न चढवता अडवा.

पाहुण्या बाईंची गोष्ट मला अधिक लागली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे, आणि राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. म्हणजे उद्या याच बाई घटनास्थळी आपल्या शेजारी उभ्या असतील. वर्गप्रमुखांना सांगून प्रत्येक पाहुण्यासाठी दोघे नेमून घ्या, एक थेट भरतीचा आणि एक खात्यातला. त्यांनी फाटकापाशी जावे, पाणी द्यावे, वर्गाला नावानिशी ओळख करून द्यावी आणि गाडी येईपर्यंत सोबत थांबावे.