आळस नव्हे, काम कुठे अडलंय ते बघा

ऑफिसात एक काम रखडू देत नाही, पण गाडीची पीयूसी संपून तीन महिने झाले आणि बँकेत नॉमिनी लावायचं वर्षभर राहिलंय. मी आळशी आहे का, असं तुम्ही विचारलंय. आळशी माणूस निवांत लोळतो हो. आपण लोळत असतो तेव्हाही डोक्यात पीयूसीच असते.

माझंच सांगतो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायला मला चार वर्षं लागली. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं. कागद तरी किती? अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. तलाठी फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, धरतात, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. दर दिवाळीला मी फाइल बॅगेत घालून गावी जायचो आणि तशीच परत आणायचो. कधी तलाठी मीटिंगला गेलेले, कधी सुट्टी, कधी नुसतंच ऊन. शेवटी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, नक्की कुठं अडलंय?" तेव्हा तोंडातून निघून गेलं: फेरफार मंजूर झाला की अण्णांचं नाव कंसात जाणार, म्हणजे उताऱ्यावर ते कमी झालं असं धरणार.

अडलं होतं ते एवढंच. मानसशास्त्रातले सिरॉइस आणि पिचिल यांनी २०१३ मध्ये हेच मांडलं होतं. चालढकल ही वेळेच्या नियोजनाची भानगड कमी आणि नकोशी भावना घटकाभर टाळण्याची जास्त. म्हणून डायऱ्या, ॲप वगैरेंनी फारसा फरक पडत नाही. २५ मिनिटांचा गजर लावून बसणं अभ्यासाला बरं, सरकारी कामाला काय कामाचं! दंडाचीही भीती वाटत नाही आपल्याला. पॅन-आधार जोडणी मार्च २०२२ पर्यंत फुकट होती, मग ५०० आणि जुलैपासून १००० रुपये. हजार भरणाऱ्यांत अस्मादिक होतेच.

तर तुमच्या नॉमिनीचं. माझा अंदाज, अडचण फॉर्मची नाही. आईचं नाव लावायचं की बायकोचं, आणि हा विषय घरात काढायचा कसा, तिथं गाडी अडली असणार. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेतो. शिवाय नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, हिस्सेही ठरवता येतात. दोघींची नावं घाला. आणि 'नॉमिनी लावणे' असं लिहून ठेवू नका, ते भिजत घोंगडंच राहील. शुक्रवारी रात्री पासबुक आणि दोघींची आधारकार्डं टीव्हीसमोर काढून ठेवा, एवढंच काम. ती तिथं दिसली की कुणीतरी विचारेलच, "हे कशाला काढलंय?" विषय आपोआप निघेल.

मी बहिणीला बरोबर घेऊन गेलो. एकटा असतो तर पाचव्यांदा परत आलो असतो. नोंद झाल्यावर उतारा हातात आला, अण्णांचं नाव कंसात, खाली आईचं आणि आम्हा दोघांचं. बहीण म्हणाली, "कंसात असलं तरी वाचता येतंय की." मग तिथल्याच टपरीवर चहा प्यायलो.

पीयूसीसाठी मात्र एवढा शोध घेत बसू नका. पुढच्या वेळी पेट्रोल भराल तेव्हा पंपावरच्या टपरीशी गाडी लावा, दहा मिनिटांचं काम आहे.