वाचकांचे प्रश्न : बंदर 'ग्रीन' आहे हे ओळखायचं कसं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी डहाणू तालुक्यातला, घरी मासेमारी. वाढवण बंदर ग्रीन पोर्ट होणार, सोलर असणार, इलेक्ट्रिक गाड्या असणार असं सगळीकडे ऐकतोय. मग तुमचे लोक विरोध का करतायत असं मुंबईचे मित्र विचारतात आणि मला धड उत्तर देता येत नाही. बंदर खरंच पर्यावरणपूरक होऊ शकतं का?

उत्तर : दादा, मित्रांना आधी हे सांगा की बंदर ग्रीन होणार की नाही हे निम्मं तर जागा निवडतानाच ठरून जातं, सोलर वगैरे नंतरचं. वाढवणला किनाऱ्यापासून फार लांब न जाता साधारण 20 मीटर खोली मिळते, त्यामुळे मोठी कंटेनर जहाजं येतील आणि गाळ कमी उपसावा लागेल, हा मुद्दा खराय, तो नाकारू नका. रेल्वेचा मालवाहू कॉरिडॉरही जवळ आहे, कंटेनर ट्रकऐवजी रेल्वेने गेले तर डिझेलचा धूर खूप कमी होतो. पण त्याच बंदरासाठी 1,448 हेक्टर समुद्र भरायचाय, वर 10 किलोमीटरच्या आसपास लाटांना अडवणारा बांध, आणि भरावाची वाळू दमणसमोरच्या समुद्रातून आणायचीय. वाळू उपसली की पाणी गढूळ होतं, तळातले जीव जातात, बांधामुळे प्रवाह वळतो मग कुठे गाळ साचतो तर कुठे किनारा खचतो. ओहोटीला जे खडक उघडे पडतात, जिथे बायका कालवं काढतात, तिथेच फटीफटींत शेवंड आणि माशांची पिल्लं वाढतात. हे एकदा भरावाखाली गेलं की छतावर कितीही पॅनल लावा, परत येत नाही.

डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. तालुक्याच्या पर्यावरणावर देखरेखीसाठी नेमलेल्या, तेव्हाच्या न्या. धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने 1998 ला इथलं बंदर नाकारलं होतं, 2023 ला त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, 2024 ला 76,220 कोटींचा प्रकल्प केंद्राने मंजूर केला आणि ऑगस्टमध्ये भूमिपूजनही झालं. मला स्वतःला वाटतं की एवढ्या नाजूक ठिकाणी आधी मच्छीमारांचं नुकसान मोजायला हवं होतं आणि मग भरावाचं बोलायला हवं होतं. उरणला काय झालं बघा, तिथलं बंदर 1989 ला सुरू झालं आणि 2015 ला हरित न्यायाधिकरणाने 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटींची भरपाई द्यायचा आदेश दिला. भराव आणि खारफुटीची तोड यामुळे भरतीचं पाणी खाडीत यायच्या वाटाच आटल्या होत्या. इतकी वर्षं थांबायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

म्हणून एक काम आजच सुरू करा. मच्छीमार सोसायटीत रजिस्टर ठेवा, कुठली बोट, कुठल्या जागी जाळं टाकलं, काय मासळी, किती किलो, तारखेसकट. उद्या मासळी घटली असं म्हणायचं झालं तर आधी किती होती हे कागदावर लागतं, आणि ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी लिहिणार नाही. शिवाय पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल प्रकल्पवाल्यांना दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तो मागून घ्या, नाही मिळाला तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

प्रश्न : आम्ही वास्कोला राहतो. जहाज धक्क्याला उभं असलं तरी त्यातून धूर का येत असतो, इंजिन बंद करता येत नाही का?

उत्तर : मोठं इंजिन बंदच असतं, पण दिवे, पंप, मासे-फळांचे थंड कंटेनर यांना वीज लागते, त्यासाठी जहाजावरचे जनरेटर रात्रंदिवस चालू असतात. याला उपाय म्हणजे धक्क्यावरून जहाजाला वीज द्यायची, लॉस एंजेलिसला 2004 पासून कंटेनर जहाजांना ती देतायत आणि युरोपातल्या मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांसाठी 2030 पासून सक्ती आहे. अडचण अशी की बहुतेक जहाजं 60 हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला 60 आवर्तनं असलेल्या विजेवर) चालतात आणि आपली वीज 50 ची, म्हणजे बदलणारी यंत्रणा बसवावी लागते, ती महाग. आपली बरीच वीज कोळशाची हेही खरं, पण निदान धूर वस्तीच्या तोंडावर तरी येत नाही, तेव्हा मागणी लावून धराच. मात्र तुमच्याकडे खिडकीवर जी काळी पूड बसते ती या धुराची कमी आणि बंदरात कोळसा चढवण्या-उतरवण्याची जास्त, त्याला बंदिस्त कन्व्हेयर आणि झाकलेले वॅगन हवेत, ती मागणी वेगळी करा.