धुक्यात ठिणग्या, मुसळधार पावसात मात्र शांतता

प्रश्न : होटगीजवळ आमच्या शेतातून 132 केव्हीची लाइन गेली आहे. हिवाळ्यात धुके पडले की पहाटे टॉवरवरून चरचर आवाज येतो, निळ्या ठिणग्या दिसतात आणि परवा तर मोठा लखलखाट होऊन लाइट गेली. भर पावसात मात्र असे काहीच घडत नाही. याचे कारण काय?
– एक शेतकरी, दक्षिण सोलापूर

उत्तर : तारेला टॉवरपासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या चकत्यांची माळ सुमारे सव्वा मीटर लांब असते आणि तिच्यावर साधारण 76 किलोव्होल्टचा दाब असतो, कोरडी व स्वच्छ माळ याच्या कित्येक पट दाब सहज सोसते. बिघाड होतो तो चकत्यांवर बसलेल्या धुळीमुळे. कोरडी धूळ निरुपद्रवी असते, परंतु दवाने ती ओलसर झाली, की तिच्यातले क्षार विरघळून पृष्ठभागावरून थोडा प्रवाह वाहू लागतो. त्याच्या उष्णतेने चकतीच्या अरुंद भागातला ओलावा आधी सुकतो, तिथे एक कोरडा पट्टा तयार होतो आणि जवळजवळ सगळा दाब त्या बोटभर पट्ट्यावर येऊन ठिणगी पडते. तुम्ही ऐकता ती चरचर हीच. उरलेला थर पुरेसा ओला व क्षारयुक्त असेल, तर ठिणगी लांबत जाऊन संपूर्ण माळ ओलांडते. यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात.

मुसळधार पाऊस क्षार धुऊन नेतो, धुके फक्त भिजवते. तुमच्या भागात सिमेंटची धूळ असेल तर ती अधिक चिवट, कारण ओल मिळाल्यावर ती चकतीवरच घट्ट होते आणि पुढे पावसालाही दाद देत नाही.

अतिप्रदूषित भागासाठी तारेपासून टॉवरपर्यंतचा चकत्यांच्या पृष्ठभागावरचा मार्ग दर किलोव्होल्टला 31 मिलिमीटर, म्हणजे या लाइनसाठी (तिचा कमाल दाब 145 केव्ही धरून) सुमारे साडेचार मीटर धरतात. साध्या नऊ चकत्यांवर तो जेमतेम 2.6 मीटर भरतो. म्हणून अशा ठिकाणी खोल पन्हळींच्या चकत्या किंवा पाणी न धरणारे सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर बसवणे हाच आमच्या मते टिकाऊ उपाय. धुलाई दरवर्षी करावी लागते.

ठिणग्या दिसल्यास टॉवरवरील क्रमांक टिपून सबस्टेशनला कळवावे. फ्लॅशओव्हरचा प्रवाह टॉवरच्या पायातून जमिनीत उतरतो. त्यामुळे त्या पायाला जनावरे बांधू नयेत आणि धुक्यात स्वतःही तिथे थांबू नये.